दिसत होतं, सांगता येत नव्हतं

मागच्या रांगांत युनिफॉर्मवरच आलेल्या, बहुतेक ड्युटी संपवून थेट इकडे आलेल्या माझ्या मुलींनो,

ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचं नाव मागच्या फलकावर आहे. मी मात्र पुढचा तासभर त्यांना ‘बाई’च म्हणणार. त्या हयात असताना या तालुक्यात त्यांना दुसऱ्या नावाने कुणी हाक मारलेली मी ऐकली नाही. बाई सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होत्या. त्यानंतर दोन वर्षांचं एएनएमचं शिक्षण, आणि मग छत्तीस वर्षं नोकरी. इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची नाळ त्यांनी कापलेली आहे.

आयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी सांगितलं, नर्स होण्यासाठी पदवी सक्तीची असावी का, यावर बोलेन. फोनवर जरा शांतता झाली. पदवी हवी म्हटलं तर बाईंना कमी लेखल्यासारखं, नको म्हटलं तर मागच्या रांगेतल्या या मुलींच्या चार वर्षांवर पाणी. त्यांची अडचण मला कळली. तीच अडचण मी चाळीस वर्षं बाळगून आहे, म्हणून तर विषय हा घेतला.

1984 सालचा श्रावण. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातून साडेतीन वर्षांचा जीएनएमचा डिप्लोमा घेऊन मी एका कॉटेज हॉस्पिटलात नुकतीच रुजू झाले होते. बाई तिथे बाळंतिणींच्या वॉर्डात होत्या. त्या दिवशी मला इव्हिनिंग होती आणि त्यांना नाइट. वॉर्डात दोन दिवसांची एक बाळंतीण होती. घरी अडली होती, मग बैलगाडीतून आणली होती. संध्याकाळी मी टीपीआर चार्ट भरला. तापमान, नाडी, श्वास. ताप होता, पण फार नाही. नाडी मनगट धरून मोजली. श्वास मोजला नाही. त्या रकान्यात 20 लिहिलं. शेजारच्या खाटेला 20, पलीकडच्या खाटेलाही 20. इथे ज्या नर्स आहेत त्यांना हे 20 ओळखीचं असेल. मी पुढे जिथे जिथे नोकरी केली तिथल्या चार्टांवर मला तो आकडा भेटत राहिला.

ड्युटीचा ओव्हर घेताना बाई त्या खाटेपाशी थांबल्या. पोरीच्या नाकपुड्या फुलत होत्या. पांघरुणाचा काठ चिमटीत धरून ती सारखी ओढत होती. बाळ रडलं तरी मान वळवत नव्हती. बाईंनी तिच्या पोटऱ्यांना हात लावून बघितला, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. मी क्वार्टरवर निघून गेले.

अकरा वाजता बाईंनी वॉचमनच्या हाती डॉक्टरांकडे चिठ्ठी पाठवली, ‘पेशंट बरी दिसत नाही. येऊन जावे.’ डॉक्टरांनी चार्ट मागवला. त्यावर थोडा ताप, थोडी वाढलेली नाडी आणि श्वास 20. त्यांनी तापाची गोळी लिहून दिली. एक वाजता पुन्हा चिठ्ठी, पुन्हा तेच. तीन वाजता बाई स्वतः क्वार्टरच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या, तेव्हा ते उठून आले. तोवर रक्तदाब लागत नव्हता. जीपमध्ये घालून तिला जिल्ह्याच्या गावाला नेलं. घाट उतरायच्या आत ती गेली.

सकाळी मी ड्युटीवर आले तेव्हा बाई पायरीवर बसल्या होत्या. मला म्हणाल्या, ‘मला दिसत हुतं गं. सांगता येईना.’

मला सांगता आलं असतं. जंतुसंसर्ग रक्तात कसा पसरतो, श्वास आधी का वाढतो, रक्तदाब शेवटी का कोसळतो, हे सगळं मला पाठ होतं. परीक्षेत त्यावर मला चांगले मार्क पडले होते. पण मी बघितलं नव्हतं. डॉक्टरांना दोष द्यायला मी आजही धजत नाही. त्यांच्या हातात माझा 20 होता.

नर्सिंगच्या शिक्षणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते सगळं त्या एका रात्रीत आहे. एकीला दिसत होतं आणि शब्द नव्हते. दुसरीकडे शब्द होते आणि तिने पाहिलं नाही. पदवी हवी की नको हा वाद घालताना आपण या दोघींना समोरासमोर उभं करतो. माझी सगळी खटपट या दोघी एकाच बाईत कशा येतील यासाठी आहे.

आता थोडं व्यवस्थेबद्दल, कारण बाहेरच्या माणसाला सगळ्या पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर सारख्याच दिसतात. आपल्याकडे या व्यवसायात शिरायचे तीन दरवाजे आहेत. एएनएम दोन वर्षांचा, गावपातळीवर काम करणारी नर्सबाई तयार करणारा. जीएनएम हा डिप्लोमा, माझ्या वेळी साडेतीन वर्षांचा, आता तीन वर्षांचा. बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. शिवाय डिप्लोमा झालेलीला नंतर दोन वर्षांत पदवीधर होता येतं, तिला पोस्ट बेसिक म्हणतात. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेच्या, म्हणजे स्टाफ नर्सच्या, पदावर डिप्लोमावाली आणि पदवीवाली शेजारी शेजारी काम करतात. तोच युनिफॉर्म, तीच नाइट, खाटाही तेवढ्याच.

पदवीची कल्पना हल्लीची, कॉलेजं काढणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली आहे असं कुणाला वाटत असेल तर ते खरं नाही. रमाबाई रानड्यांच्या सेवासदनाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात विधवा आणि गरजू बायकांना ससूनमध्ये नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा भल्या घरची बाई परक्या पुरुषाचं अंग पुसते म्हणून समाज खवळला होता. त्या वेळी नुसतं शिकायला मिळणं हीच लढाई होती. 1946 मध्ये देशातल्या आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीचा अहवाल आला. त्यात देशात 43,000 माणसांमागे एक नर्स असल्याची नोंद आहे. एवढा दुष्काळ समोर असतानाही त्या समितीने विद्यापीठातल्या पदवीचा आग्रह धरला, आणि त्याच वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरला पदवीचे वर्ग सुरू झाले. मुंबईत एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी परिचर्या महाविद्यालय 1964 सालचं. म्हणजे ज्या वर्षांत बाई व्हर्नाक्युलर फायनलवर बाळंतपणं करत होत्या, त्याच वर्षांत मुंबईत मुली नर्सिंगची पदवी घेत होत्या. दोन्ही वाटा आपल्याकडे साठ वर्षं बरोबरीने चालल्या आहेत. काही वर्षांपूर्वी जीएनएम बंद करून पदवी हाच एक दरवाजा ठेवायची तयारी दिल्लीत झाली होती, मग ती लांबली. 2023 मध्ये संसदेने नर्सिंग आणि प्रसूतिविद्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. 1947 च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या नर्सिंग परिषदेची जागा हा आयोग घेणार. हा प्रश्न आता त्याच्या टेबलावर जाणार. म्हणून आज बोलणं मला गरजेचं वाटतं.

पदवीच्या बाजूने जे आहे ते मी हातचं न राखता सांगते, कारण ते मला पटलेलं आहे. लिंडा एकेन नावाच्या अमेरिकन नर्स-संशोधिका आहेत. त्यांनी 2003 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या 168 रुग्णालयांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जिथे नर्सेसमध्ये पदवीधरांचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे शस्त्रक्रिया झालेले रुग्ण दगावण्याची शक्यता पाच टक्क्यांनी कमी निघाली. मग 2014 मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. 300 रुग्णालयं, चार लाखांहून जास्त रुग्ण. तिथे दहा टक्के जास्त पदवीधर म्हणजे दगावण्याची शक्यता सात टक्के कमी. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात पुन्हा पुन्हा तेच दिसत असेल तर ‘आमच्या वेळी कुठे होत्या पदव्या’ असं म्हणून ते उडवून लावणं हा रुग्णांवर अन्याय आहे. असे अभ्यास कारण सिद्ध करत नाहीत, ज्या रुग्णालयात पदवीधर जास्त तिथे इतरही चांगल्या गोष्टी असू शकतात, हे मला माहीत आहे. तरी मला त्यात माझा 20 दिसतो. श्वास का मोजायचा हे ज्या मुलीला आतून कळलंय ती रकाना भरण्यासाठी मोजत नाही. ब्रिटनमध्ये 2012 पासून नर्सने घेतलेल्या नोंदींना गुण देऊन धोक्याची पातळी ठरवायची पद्धत आहे. त्यात मिनिटाला 25 किंवा जास्त श्वास असले की त्या एकट्या नोंदीला सगळ्यांत वरचे तीन गुण मिळतात, आणि तेवढ्यावर डॉक्टरला तातडीने कळवायचं असतं. बाईंच्या चिठ्ठीत ‘बरी दिसत नाही’ ऐवजी ‘श्वास 34’ असता तर डॉक्टर अकरालाच चपला घालून आले असते. आकड्याला वजन असतं. ते वजन नर्सच्या हातात येतं ते शिक्षणातून.

पण त्याच ‘लॅन्सेट’च्या अभ्यासात दुसरंही एक वाक्य आहे, आणि आपल्याकडच्या सभांत ते कुणी वाचत नाही. एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. तिकडे सात, इकडेही सात. ज्या रुग्णालयात साठ टक्के नर्स पदवीधर आणि एकीकडे सरासरी सहा रुग्ण, तिथले मृत्यू, तीस टक्के पदवीधर आणि एकीकडे आठ रुग्ण असलेल्या रुग्णालयापेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी असतील, असा त्यांचा अंदाज आहे. तिथे वाद सहा की आठ असा आहे. मी परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, असताना 48 खाटांच्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एक विद्यार्थिनी असायची, आणि जमिनीवर गाद्या टाकलेले पेशंट वेगळे. आपल्या नर्सिंग परिषदेचा नियम, जिथे शिकवलं जातं त्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी, असा आहे. प्रत्येक रुग्णाचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा तर 48 मिनिटं लागतात. त्याच वेळात आठची इंजेक्शनं, दोन नवे ॲडमिशन, एक ब्लड चालू, औषधांचं इंडेंट आणि नातेवाइकांची भांडणं. तिथे पदव्युत्तर शिकलेली मुलगी बसवा, तीही 20 लिहील. शिक्षण वाढवणं हे सरकारला एका अध्यादेशात करता येतं, खाटांमागे माणसं वाढवायला दर महिन्याला पगार द्यावा लागतो. म्हणून पहिलं बोललं जातं आणि दुसरं राहून जातं, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता दरवाज्याकडे येते. मी अकरा वर्षं पाठ्यनिर्देशिका, म्हणजे नर्सिंगची शिक्षिका, होते, प्रवेशाच्या टेबलावर बसलेली आहे. बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला इंग्रजी घेऊन कुठल्याही शाखेची बारावी चालते. कागदावर एवढासा फरक. पण वाडीवरच्या मुलीसाठी तो दहावीनंतरच्या जूनमध्येच निकाली निघतो. एसटीने जाऊन यायच्या अंतरात जे ज्युनिअर कॉलेज आहे तिथे विज्ञान शाखा आहे का? असली तर प्रयोगशाळेत काही आहे का? क्लासची फी भरता येते का? नसेल तर ती कला शाखेला जाते, आणि पंधराव्या वर्षी, नर्स व्हायचं हे तिच्या मनात यायच्याही आधी, तिचा तो रस्ता बंद झालेला असतो.

एक मुलगी मला आठवते. कला शाखेची, मुलाखतीला आईचं पातळ नेसून आली होती. नर्सच का व्हायचंय, असं विचारल्यावर तिने सांगितलं, आजीला लकवा झाला तेव्हा दोन वर्षं मीच तिला कुशीवर वळवायची, दर दोन तासांनी, घड्याळ नव्हतं म्हणून एसटीच्या वेळांवर. आजीच्या पाठीला जखम झाली का, मी विचारलं. ती म्हणाली, ‘नाही बाई, माकडहाडापाशी एकदा लाल झालं होतं, मग मी पाठीवर झोपवायचीच बंद केली.’ टेबलावर माझ्या शेजारी बसलेल्या मेट्रननी पेन खाली ठेवलं. केईएममध्ये अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग यांची तिथल्या नर्सेसनी चार दशकांहून अधिक काळ सेवा केली आणि त्यांना एकही शय्याव्रण होऊ दिला नाही, म्हणून देशाने त्या नर्सेसना हात जोडले. त्याच शास्त्राचा पहिला धडा ही पोर एसटीच्या वेळांवर शिकून आली होती. आम्ही तिला घेतलं. औषधांच्या मात्रांचं गणित तिला पहिलं वर्षभर जड गेलं, रात्री रात्री रडली. मग नोकरीत असताना तिने पोस्ट बेसिक केलं. आज ती एका अतिदक्षता विभागात परिसेविका आहे आणि व्हेंटिलेटरचे अलार्म नुसत्या आवाजावरून ओळखते. पदवी हाच एक दरवाजा असता तर ती आज कुठे असती हे मला सांगता येणार नाही. आत नसती, एवढं नक्की.

दुसरी भीती मोठी आहे. पदवी सक्तीची केली की पदव्या विकणारे जागे होतात. नर्सिंग कॉलेजला स्वतःचं शंभर खाटांचं रुग्णालय हवं, कारण हे शिक्षण खाटेपाशी होतं. तपासणीच्या दिवशी खाटांवर माणसं आणून झोपवली जातात हे या व्यवसायातल्या प्रत्येकाने ऐकलेलं आहे. मध्य प्रदेशात तर उच्च न्यायालयाला सीबीआयकडून नर्सिंग कॉलेजांची तपासणी करवून घ्यावी लागली, आणि 2024 मध्ये त्या तपासणीतल्याच अधिकाऱ्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून अटक झाली. अशा कॉलेजातून बाहेर पडलेल्या मुलीची काय चूक? तिच्या बापाने जमीन गहाण टाकलेली असते. तिने प्रोसीजर बुकात प्रसूती केल्याची नोंद सह्यांनिशी भरलेली असते आणि प्रत्यक्षात एकही डोकं हातात घेतलेलं नसतं. माझ्याकडे अशा मुली आल्या, पदवी घेऊन. पहिल्या दिवशी सलाइनचे थेंब मोजताना त्यांचे हात थरथरायचे आणि त्या शरमेने मान वर करत नव्हत्या. केंद्राने 2023 मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांना जोडून 157 नवी सरकारी नर्सिंग कॉलेजं मंजूर केली ते म्हणूनच मला मोलाचं वाटतं. तिथे निदान खाटा खऱ्या असतील.

बाहेरच्या जगाने हे करून पाहिलं आहे. अमेरिकेत परिचारिकांच्या संघटनेने 1965 मध्येच पदवीची मागणी केली, आणि साठ वर्षांनंतरही तिथे दोन वर्षांच्या पदविकेवर नर्स होता येतं. नॉर्थ डाकोटा या एकाच राज्याने 1987 मध्ये पदवी सक्तीची केली आणि 2003 मध्ये ती सक्ती काढून टाकली. विरळ वस्तीचं, शेतीचं राज्य. न्यूयॉर्कने 2017 मध्ये निराळा कायदा केला: आत या डिप्लोमावर, पण दहा वर्षांच्या आत पदवी मिळवा. इंग्लंडने 2013 पर्यंत सगळं नर्सिंग पदवीवर नेलं. तिथे नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना सरकारी विद्यावेतन असायचं. 2017 मध्ये ते बंद करून कर्ज काढा म्हणून सांगितलं, तेव्हा अर्ज घसरले, आणि 2020 मध्ये वर्षाला किमान 5,000 पाउंडांची मदत पुन्हा सुरू करावी लागली. मधल्या काळात नर्सच्या हाताखाली काम करणारी, पदवीहून कमी शिकलेली एक नवी पातळीही त्यांनी उभी केली. पुढचा दरवाजा उंच केला तर मागचा एक उघडावा लागतोच, रुग्ण वाट बघत थांबत नाहीत. तो मागचा दरवाजा उघडायचाच असेल तर मग तिथून वर यायचा जिना आधीच बांधून ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

आपल्याकडे तो जिना आहे, पण त्याच्या पायऱ्या तुटक आहेत. एम्सच्या भरतीत पदवीधर मुलगी थेट परीक्षेला बसते आणि जीएनएम झालेलीला किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव लागतो. हा हिशेब मला आवडतो, कारण खाटेपाशी घालवलेल्या वर्षांना त्यात काहीतरी किंमत आहे. पण पोस्ट बेसिकला जायचं तर नोकरीतल्या बाईने काय करायचं? सेवेतून पाठवण्याच्या जागा मोजक्या. खाजगी रुग्णालयात तर दोन वर्षं सुट्टी मागितली की राजीनामा पुढे सरकवतात. 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20,000 रुपये द्यावेत अशी शिफारस केली. समोर बसलेल्या मुलींपैकी किती जणींच्या हातात आज तेवढे पडतात, हे मी हात वर करायला सांगून विचारणार नाही, तुमचे मालक कदाचित सभागृहात असतील. दहा-बारा हजारांवर घर चालवणारी बाई पदवीची फी कुठून आणणार?

म्हणून मी आयोगाकडे मागणी करते ती अशी. पदवी हे या व्यवसायाचं सर्वसाधारण शिक्षण व्हावं, हे मला मान्य आहे, नव्हे, माझा तसा आग्रह आहे. पण ती आत येण्याची अट होऊ नये. डिप्लोमावर आत आलेल्या प्रत्येक नर्सला नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत पगारी रजेवर पदवी पूर्ण करता यावी, आणि हा खर्च तिला नेमणाऱ्याचा असावा, सरकार असो की धर्मादाय ट्रस्ट की कॉर्पोरेट. ज्या रुग्णालयाला खाटांमागे पुरेशा नर्सेस ठेवता येत नाहीत त्याने पदवीधरच हव्यात अशी जाहिरात देऊ नये. आणि पदवी झाल्यावर तिच्या हातात काहीतरी यावं. आज पदवी घेऊन परत आलेली सिस्टर त्याच वॉर्डात त्याच पगारावर तेच इंडेंट भरते. डॉक्टर राऊंडला आले की फाइल धरून मागे उभी राहते. तिला रुग्णाबद्दल मत विचारलं जात नाही. चार-पाच वर्षं शिकून माणूस फाइल धरायला शिकतो का? आता गावोगावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, म्हणजे पूर्वीच्या आरोग्यवर्धिनी केंद्रांत, समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून नर्सिंगच्या पदवीधर मुली बसतात, रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांचा पाठपुरावा स्वतः करतात. तिथे मला पहिल्यांदा शिक्षणाच्या बरोबरीने अधिकार दिसला. मात्र त्याच केंद्रात तीस वर्षं गाव पायाखाली घातलेली एएनएम असते. तेवीस वर्षांच्या अधिकारी मुलीला मी एवढंच सांगते, पहिले सहा महिने तिच्या मागून घरोघर हिंड, कुणाच्या सुनेने गोळ्या चुलीत टाकल्यात ते तिला माहीत आहे.

बाईंच्या त्या रात्रीनंतर मी नऊ वर्षांनी पोस्ट बेसिक पूर्ण केलं. 1993 साल. दोन वर्षं घर, मूल आणि अभ्यास, आणि कर्ज. निकाल लागल्यावर पेढे घेऊन बाईंकडे गेले. त्यांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. प्रमाणपत्र त्यांनी दोन्ही हातांत धरून बघितलं, इंग्रजी होतं, तरी वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाल्या, ‘आता तू निरोप धाडलास की डॉक्टर येतात का?’

मी म्हटलं, ‘आकडा सांगितला की येतात.’

‘कसला आकडा?’

मी त्यांना श्वास मोजायला दाखवला. छातीकडे बघतोय हे पेशंटला कळू द्यायचं नाही, नाडी धरल्यासारखं मनगट हातात ठेवायचं आणि नजर पोटावर. पूर्ण एक मिनिट. पंचवीसच्या वर गेला की चिठ्ठीत आधी तो आकडा लिहायचा, मग बाकीचं. बाईंचं घड्याळ सेकंदकाट्याचं नव्हतं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यांनी ते बदलून आणलं. दिवाळीत मी पुन्हा गेले तेव्हा ओट्यावर शेजारचा नातू झोपला होता आणि बाई त्याचं मनगट धरून, घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन, ओठांतल्या ओठांत मोजत होत्या. मी हाक मारली तर त्यांनी दुसरा हात वर करून मला थांबवलं. मिनिट पुरं व्हायचं होतं.